त्या खोलीत चौघंच होतो

१७ ऑक्टोबर, गुरुवार

माझं वाक्य. शब्दन् शब्द माझा. चारशे माणसं ते ऐकून हसली आणि मी त्यांच्यातच बसले होते.

नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील. मिनिआपोलिस डाउनटाउनची कॉन्फरन्स, दुसरा दिवस, जेवणानंतरचं भाषण. वक्ता प्रसाद हळबे — अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो, सॉफ्टवेअर आर्किटेक्चरवर बोलत देशभर फिरत असतो. बोलतो छान. चुकीचं डिझाइन वेळेत का बदललं जात नाही, हा विषय. मध्येच म्हणाला, एक गोष्ट सांगतो. एका कंपनीत एक आर्किटेक्ट होती. तिने चालू सिस्टिम फोडली, तिचे लहान लहान तुकडे केले. काम पुरं व्हायच्या आधीच कॉन्फरन्समध्ये जाऊन त्याच्यावर भाषण दिलं, टाळ्या घेतल्या. पुढे सगळं कोसळलं. तेव्हा ती टीमला म्हणाली — 'चुकतंय हे मला कळलं होतं, पण तोवर मी त्याच्यावर भाषण देऊन बसले होते.'

हशा. माझ्या शेजारचा माणूस तर मांडीवर थाप मारून हसला.

हे मी बोललेय. ऑगस्टमध्ये, आमच्या रेट्रोत. मी इंग्रजीत बोलले होते, तोही इंग्रजीत बोलला. रेट्रो म्हणजे दर दोन आठवड्यांनी टीम दार लावून बसते आणि काय बिनसलं ते मोकळेपणी बोलते. नियम एकच — इथलं बोलणं या दाराबाहेर जायचं नाही. त्या दिवशी खोलीत चौघंच होतो. मी, गिरिजा, सिद्धेश, अमन.

म्हणजे तिघांपैकी एकाने.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉफीच्या रांगेत हळबेला गाठलं. गळ्यातल्या बिल्ल्यावरचं नाव वाचून लगेच मराठीत आला. 'अरे वा, सुनेत्रा सबनीस. कुठल्या तुम्ही?' इचलकरंजीची, म्हटलं. आणि विचारलं, कालची ती गोष्ट कोणाची?

चेहरा बदलला त्याचा. साखर ढवळत राहिला. 'नाव विचारू नका, प्लीज. ती व्यक्ती अजून याच धंद्यात आहे.'

'तुम्हाला कोणी सांगितली?'

'ते सांगितलं तर नाव सांगितल्यासारखंच आहे ना,' म्हणाला आणि कोणाला तरी हात करून निघून गेला. नजरेला नजर दिली नाही. मी कोण ते त्याला माहीत होतं की काय? 'आर्किटेक्ट' असं बिल्ल्यावर नावाखालीच लिहिलेलं.

संध्याकाळी पार्किंगकडे जाताना स्कायवेत — दोन बिल्डिंगांमधल्या त्या काचेच्या पुलावर — सिद्धेश दिसला. हळबेबरोबर. दोघं हसत होते. सिद्धेशने फोन काढला, हळबेने त्यात नंबर टाकून दिला. मी मागच्या मागे वळले आणि दुसऱ्या जिन्याने उतरले.

सिद्धेश आमचा स्क्रम मास्टर — टीमला बोलतं आणि एकत्र ठेवणं हे त्याचं काम. रेट्रो तोच चालवतो. दार तोच लावतो.

२० ऑक्टोबर, रविवार

दिगंबर म्हणतो, सोड ना. 'चारशे लोकांत तुला कोणी ओळखलं? नाही ना? मग झालं.'

नवरे असं बोलतात. त्याला कळत नाही असं नाही, त्याला नको असतं.

ते वाक्य म्हणजे गंमत नव्हती. आमची कंपनी डायलिसिसच्या पेशंटना घरून सेंटरला नेणाऱ्या व्हॅन ठरवून देते. दहा वर्षं एकच भला मोठा प्रोग्रॅम ते करायचा. जुना, हेंगाडा, पण करायचा. मी आल्यावर तो फोडला. तेवीस लहान प्रोग्रॅम — एक पत्ते बघणारा, एक ड्रायव्हर बघणारा, एक वेळा जुळवणारा. जो तो स्वतंत्र, हवा तेव्हा बदलता येईल असा. कागदावर फार देखणं दिसायचं. गेल्या वर्षी शिकागोला त्याच्यावर भाषण दिलं मी. लोक नंतर येऊन फोटो काढत होते. मोनाने — माझी मॅनेजर — तो फोटो ऑफिसात लावला.

शिकागोहून परत आले आणि तिसऱ्या आठवड्यात कळलं की हे प्रोग्रॅम दर कामाला एकमेकांना विचारत बसतात, आणि एक अडला की सगळे खोळंबतात. कळलं, आणि गप्प बसले. फोटो समोर भिंतीवर होता.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी एक अडला. सगळे खोळंबले. व्हॅन निघाल्याच नाहीत. रिचफील्डची एक म्हातारी बाई व्हीलचेअरवर, पर्स मांडीवर घेऊन दुपारपर्यंत पोर्चमध्ये बसून राहिली. फोन करत होती, आमची यंत्रणा सांगत होती की गाडी येतेय. तिला त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं. वाचली ती. पण मी तिच्या सुनेशी फोनवर बोललेय.

त्यानंतरच्या रेट्रोत मी ते वाक्य बोलले.  गिरिजाने टेबलाखालून माझा हात धरला. आयुष्यात इतकं खरं मी कोणासमोर बोलले नव्हते.

आणि त्याचा कोणीतरी चुटका करून विकला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळच्या स्टँडअपमध्ये सगळ्यांची तोंडं बघत होते. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का — दहा मिनिटांची उभ्याउभ्याची मीटिंग. सिद्धेशने विचारलं, 'सुनेत्राताई, काही अडलं?' मी म्हटलं, काही नाही. तो जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिला. का?

गिरिजा फोन उलटा ठेवते. आधी ठेवायची का? आठवत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

गिरिजाकडे फराळाला गेलो. चकल्या तिच्या नेहमीसारख्या, वेढे न मोडलेल्या. सिद्धेश, वीणा आणि त्यांची आर्या पण आली होती. आर्या आता चौथीत. सगळ्या बायकांना मराठीत 'मावशी' म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत.

बोलता बोलता कॉन्फरन्सचा विषय निघाला. मी काढला. हळबेचं नाव घेतलं आणि गिरिजा म्हणाली, 'अगं, तो मला पुण्याला कॉलेजात दोन वर्षं सीनियर होता. गॅदरिंगला निवेदन करायचा. तेव्हापासून बोलबच्चन.'

बारा वर्षांची मैत्री. आणि हे मला आज कळतंय.

'मग कॉन्फरन्सला भेटलीस की नाही त्याला?' मी विचारलं.

'नाही गं, गर्दी किती होती.'

सिद्धेश तेव्हाच उठून आर्याला ताट वाढायला गेला. मी दोघांकडे बघत होते. मग चकली घशात अडकली आणि गिरिजाच पाणी घेऊन धावली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

अमन नाही. आज सहज विषय काढून विचारलं. त्या रेट्रोतून तो अर्ध्यात उठला होता — 'बेटी को डेकेअर से लाना था, आप भूल गईं?' खरंच, खुर्ची रिकामी होती. मी बोलले तेव्हा तो तिथे नव्हताच.

राहिले दोघं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सिस्टिममधली चूक शोधताना काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाहेर काय येतं ते बघायचं. माणसांना वेगळा नियम का लावायचा?

गिरिजाला सकाळी ऑफिसला एकत्र जाताना गाडीत सांगितलं — मी तेवीसच्या तेवीस प्रोग्रॅम पुन्हा एकत्र करून टाकणार आहे, उन्हाळ्याच्या आत, मोनाला पत्ता लागू न देता. कोणाला बोलू नकोस.

सिद्धेशला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं — मी आर्किटेक्टचं काम सोडायचा विचार करतेय. कदाचित कंपनीच. कोणाला बोलू नकोस.

दोन्ही खोटं. आता जे कानावर परत येईल, ते कोणाच्या तोंडून निघालं ते कळेल.

गिरिजा म्हणाली, 'वेडी आहेस का? पण मी आहे बरोबर.' सिद्धेशचा डबा तसाच राहिला. म्हणाला, 'काहून ताई? कोणी काही बोललं का?' 

चांगला नट आहे की खरंच वाईट वाटलं, ठरवता येईना.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दिगंबरला हे सांगितलं नाही. तो म्हणेल, माणसांवर प्रयोग करतेस. हो. करतेय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रेट्रो झाली. झाली म्हणजे काय, आम्ही बसलो. सिद्धेशने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, काय बिनसलं ते लिहा म्हणाला. मी लिहिलं, कॉफी मशीन गळतंय. फळ्यावर बाकीच्या चिठ्ठ्या आल्या त्याही तसल्याच — मीटिंगा लांबतात, खोली थंड असते. मी काही बोलेना तशी कोणीच काही बोलेना. आधी याच खोलीत आम्ही भांडलोय, रडलोय. सिद्धेश फळ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, 'टीममध्ये काहीतरी होऊन राहिलं. मला समजून नाही राहिलं. कोणाला बोलायचं असेल तर माझ्याशी एकटं बोला.'

एकटं! म्हणजे साक्षीदार नको.

५ डिसेंबर, गुरुवार

सापडला.

मोनाबरोबर महिन्याची मीटिंग होती. मोना इथेच जन्मलेली, आईवडील ठाण्याचे. मराठी बोलते पण वाक्यं इंग्रजीतूनच सुरू होतात. सगळं बोलून झाल्यावर लॅपटॉप मिटवला आणि म्हणाली, 'सुनेत्रा, आर यू ओके? म्हणजे, तू सोडून नाही ना जाणार?'

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही. गणित सुटल्यावर येतो तसा.

'कोण म्हणालं?'

'कोणी नाही. फक्त वाटलं मला.'

वाटलं म्हणे. तेच शब्द जे मी सिद्धेशच्या डब्यासमोर बोलले. गिरिजाला दिलेलं खोटं कुठूनच परत आलेलं नाही. जो माणूस हे मोनाला सांगू शकतो, तो ते हळबेला सांगू शकतो. आणखी काय पुरावा हवा?

६ डिसेंबर, शुक्रवार

मोनाला गाठलं. म्हटलं, मी कुठे जात नाहीये. आणि एक सांगायचंय — सिद्धेशशी बोलताना जपून. त्याच्यापाशी गोष्टी राहत नाहीत. रेट्रोतलं बाहेर जातं. टीमचा त्याच्यावर विश्वास उरला नाही.

'टीमचा की तुझा?' मोनाने विचारलं. हुशार आहे.

'टीमचा,' म्हटलं.

'गुड टु नो,' म्हणाली. एवढंच.

घरी येताना गाडीत गाणी लावली. कित्येक आठवड्यांनी.

२१ डिसेंबर, शनिवार

बर्फ. दिगंबर ड्राइव्हवे साफ करतोय. मी आत बसून चहा पितेय आणि मला झोप नीट लागतेय. बस.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी नऊला मीटिंगचं आमंत्रण. त्याला नावसुद्धा नव्हतं. नाव नसलेल्या मीटिंगा कशाच्या असतात ते आता सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या मजल्यावरून सात माणसं कमी केली. सिद्धेश त्यात.

मोनाने मला नंतर बोलावलं. दमलेली दिसत होती. म्हणाली, दोन स्क्रम मास्टर होते, एकच ठेवायचा असं वरून आलं. 'यू नो, चॉइस कठीण होती. तू जे म्हणालीस त्याने थोडं सोपं झालं.'

मी म्हटलं, मी तसं म्हणाले नव्हते.

'म्हणजे?' मोना म्हणाली. 'तू म्हणालीस टीमचा विश्वास नाही. स्क्रम मास्टरचं दुसरं काम काय असतं?'

बाहेर आले तर सिद्धेश टेबल आवरत होता. आर्याने काढलेली चित्रं पार्टिशनला लावलेली होती, ती एकेक उतरवून टाचण्या परत डबीत ठेवत होता. मला बघून हसला. 'होते ताई असं. तुम्ही सांभाळा सगळ्यांना.'

तो नोकरीच्या व्हिसावर आहे. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा.

हे मी मोनाशी बोलले तेव्हा माझ्या मनात नव्हतं. खरंच नव्हतं. इथे खोटं लिहून काय करू?

पण बाहेर सांगितलं तर त्यानेच ना.

१९ जानेवारी, रविवार

गिरिजा आली. कोट काढला नाही, दारातच उभी राहिली. दिगंबर आत निघून गेला.

'सिद्धेशकडे गेले होते काल,' ती म्हणाली. 'वीणा रडत होती. तो मला म्हणाला, सुनेत्राताई सोडून चालल्यात म्हणून मला काळजी होती आणि मलाच जावं लागलं. मी म्हटलं, सोडून कुठे चाललीय? ती तर सगळं पुन्हा एकत्र करणार आहे. मग आम्ही तारखा जुळवून बघितल्या.'

मी तिचा कोट घ्यायला हात पुढे केला; तिने तो दिला नाही.

'त्याला एक सांगितलंस आणि मला एक. तारीखसुद्धा एकच. टेस्ट डेटा आहोत का आम्ही, सुनेत्रा?'

मग मी सगळं सांगितलं. कॉन्फरन्स, हळबे, वाक्य, स्कायवे. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता समजून घेईल. शेवटी म्हणाली, 'म्हणजे तीन महिने तू माझ्याबरोबर रोज एका गाडीतून येत होतीस आणि मनात हे होतं.'

'तू होतीस की नव्हतीस ते मला कळायला हवं होतं.'

'विचारायचं होतंस.'

'तू खरं सांगितलं असतंस याची खात्री काय?'

हे तोंडातून गेलं आणि तिचा चेहरा पाहिला. हे वाक्य मागे घेता येणार नाही. तिने दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२० जानेवारी, सोमवार

ऑफिसला एकटीने ड्राइव्ह केलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

गिरिजाने दुसऱ्या टीममध्ये बदली मागून घेतली. मोनाला कारण सांगितलं, 'नवीन शिकायचंय.' माझ्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे तिच्यापाशी गोष्टी राहतात. हे आता सिद्ध झालं आणि आता त्याचा उपयोग नाही.

रेट्रो आता नाहीच होत. नवा स्क्रम मास्टर चार टीम बघतो. म्हणाला, फॉर्म भरून पाठवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इंडियन ग्रोसरीत वीणा दिसली. ढोबळ्या मिरच्या निवडत होती. मला बघितलं आणि ट्रॉली वळवून पुढच्या रांगेत गेली. तिला कळलंय का? की गिरिजाने फक्त त्या दोन थापांचंच सांगितलं? वीणाने मला टाळलं की तिला खरंच तांदूळ घ्यायचे होते?

हा सगळा विचार मी तांदळाच्या रांगेच्या टोकाला उभी राहून करत होते. मग लक्षात आलं की मी तिच्या ट्रॉलीत डोकावतेय.

७ मार्च, शुक्रवार

सिद्धेश स्वतः आला निरोप घ्यायला. बरोबर आर्या. वीणा गाडीत बसून राहिली, बाळं आवरायची आहेत म्हणाला — मग स्वतःच हसला, 'बाळं नाही, बॅगा. डोकं जाग्यावर नाही.' नोकरी मिळाली नाही. दोन ठिकाणी शेवटपर्यंत पोचला आणि व्हिसाचं कळल्यावर त्यांनी नाही म्हटलं. उद्या नागपूरला निघतायत.

दिगंबरने चहा केला. आर्या सोफ्यावर बसून म्हणाली, 'सुनेत्रा मावशी, इज नागपूर लाइक, फॉरेव्हर?' मी सिद्धेशकडे बघितलं. तो म्हणाला, 'आजीकडे जायचं ना बेटा. बघू मग.' तिला ते उत्तर वाटलं नाही. मलाही नाही.

शेवटी मीच धीर केला. 'सिद्धेश, मी सोडून जातेय असं तुला सांगितलं होतं. तू मोनाला सांगितलंस?'

'हो ताई.' लपवलं नाही, काही नाही. 'तुम्ही कोणाला बोलू नको म्हणाल्या होत्या, मला माहीत आहे. पण तुम्ही त्या शनिवारपासून खचून राहिल्या होत्या, दिसत होतं. मी मोनाला म्हटलं, ताईंना जाऊ देऊ नका. त्यांचं काम कमी करा, हवं तर माझ्यावर टाका. त्या गेल्या तर टीम नाही राहत. माझं नाव सांगू नका म्हटलं.' कप खाली ठेवला. 'चूक झाली काय?'

दिगंबर माझ्याकडे बघत होता. मी कपातल्या सायीकडे.

'आणि हळबेशी काय बोलत होतास? स्कायवेत?'

'कोण हळबे?' खरंच आठवेना त्याला. 'हां, ते भाषणवाले. ते चुकले होते जी. पार्किंग सापडत नव्हतं त्यांना, तीनदा एकाच बिल्डिंगीत येऊन राहिले होते. मी सोडायला गेलो. फोटो काढला आमचा, तो पाठवायला नंबर घेतला. आर्किटेक्ट माणूस आणि रस्ता नाही सापडत, म्हणून हसत होतो.'

जाताना आर्याने मिठी मारली. सिद्धेश वाकून पाया पडला. मी एवढी मोठी नाहीये त्याच्यापेक्षा.

मी मोनाला त्याच्याबद्दल काय म्हणाले ते सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं. मग वीणाने गाडीत हॉर्न वाजवला, हळूच, एकदा.

८ मार्च, शनिवार

तरीही. वाक्य बाहेर गेलं ते गेलंच ना? भिंती तर बोलत नाहीत. त्याने मोनाला सांगितलं ते भल्यासाठी असेल — पण मग हळबेला कोणी सांगितलं? गिरिजाने? कॉलेजचा सीनियर?

दिगंबर आज म्हणाला, 'तुला अजूनही हेच कळायला हवंय?' हो. आता तर जास्तच. कारण कोणीतरी सांगितलेलं असायलाच हवं. नसेल तर मी काय केलं?

१९ मार्च, बुधवार

अटलांटा. कॉन्फरन्सच्या वेबसाइटवर हळबेचं नाव बघून स्वतःच्या पैशांनी आलेय. मोनाला रजा सांगितली. हॉटेलच्या लॉबीत सगळे तेच — गळ्यात बिल्ले, लॅपटॉपवर स्टिकर, 'लवकर चुका, लवकर शिका' असं छापलेल्या फुकटच्या पिशव्या. मीही एक घेतली.

उद्या सकाळी पहिलं भाषण त्याचंच. ते संपलं की स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभी राहणार. या वेळी साखर ढवळू देणार नाही.

२० मार्च, गुरुवार

हीच गोष्ट पुन्हा सांगितली त्याने. हाच हशा.

मी म्हटलं, मला नाव हवंय. त्या गोष्टीपायी एका माणसाची नोकरी गेलीय, त्याला देश सोडावा लागलाय. ते वाक्य आमच्या रेट्रोतलं आहे.

हळबे पायरीवर खाली बसला. म्हणाला, 'कुठल्या वर्षी झाली तुमची रेट्रो?' गेल्या ऑगस्टला, म्हटलं. 'मी ही गोष्ट सहा वर्षं सांगतोय. दर कॉन्फरन्सला कोणीतरी येऊन विचारतं, माझं वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं. प्रत्येकाला वाटतं ते त्याचंच आहे.'

'मग कोणाचं आहे?'

'माझं,' तो म्हणाला. 'तो आर्किटेक्ट मी आहे.'

मग 'ती' का म्हणता, मी विचारलं.

'तो म्हटलं असतं तर लोकांनी मला ओळखलं असतं.'

खोलीवर आलेय. सिद्धेशचा इकडचा नंबर बंद आहे. नागपूरचा माझ्याकडे नाही. गिरिजाकडे असेल.